शेप सगळे पाठ, तरी हात पाचव्या फ्रेटवरच

पत्र पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक ताईंचं आहे. वय तिशीच्या आसपास, मूळ कोल्हापूर. शाळेत असताना पेटी शिकल्या, गांधर्वच्या प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग दहावी-बारावीच्या धांदलीत ते सुटलं. दोनेक वर्षांपूर्वी अकूस्टिक गिटार घेतली. क्लासची वेळ जमत नाही म्हणून व्हिडिओ बघून शिकतात. मायनर पेंटॅटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलचे पाच बॉक्स, म्हणजे बोटं कुठे ठेवायची त्याच्या चौकटी, आणि एका तारेवर तीन स्वर घेणारे सात शेप पाठ आहेत. खोलीच्या भिंतीवर रंगीत ठिपक्यांचे तक्ते चिकटवलेत. प्रत्येक शेप मेट्रोनोमवर वरखाली नीट वाजतो. पण शनिवारी ऑफिसची मंडळी वाजवायला बसली आणि कुणी ए मायनरच्या कॉर्ड धरल्या, की यांचा हात पाचव्या ते आठव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) पहिल्या बॉक्समध्ये जाऊन बसतो. तिथून दुसरीकडे उडी मारली की सूर चुकतो आणि बोटं थांबतात. मध्यंतरी गाणाऱ्या मैत्रिणीसाठी सी शार्प मायनर घ्यावं लागलं, तेव्हा तर डोकं कोरंच झालं. एक मित्र म्हणतो, मोड्स (सात स्वरांची वेगवेगळी स्केल) शिकल्याशिवाय हे सुटणार नाही. दुसरा म्हणतो, सोलोचा नाद सोड, कॉर्ड छान वाजवतेस, तेच कर. त्यांचा प्रश्न असा: सगळ्या स्केलमधले सगळे शेप घोटून घेणारा पैसे भरायचा कोर्स घ्यावा, की सोलो सोडून द्यावा? आपली स्मरणशक्तीच कमी पडतेय का?

नमस्कार.

आधी तुमच्या स्मरणशक्तीवरचा आळ काढून टाकू. बारा शेप पाठ आहेत आणि ठेक्यात वाजतात, असं तुम्हीच लिहिलंय. स्मरणशक्ती कमी पडणाऱ्याची गाडी दुसऱ्या बॉक्सपाशीच अडते. त्यामुळे आणखी पाठांतर हा यावरचा इलाज असेल असं मला वाटत नाही. मला उलटाच संशय आहे: तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाठ केलंय, आणि तेही सुटं सुटं.

जरा मोजून बघा. पेंटॅटॉनिकच्या एका बॉक्समध्ये तारेला दोन याप्रमाणे १२ जागा. पाच बॉक्सच्या ६०. पण स्केलमध्ये स्वर पाचच आहेत आणि तारा सहा. बारा फ्रेटच्या टप्प्यात एका तारेवर प्रत्येक स्वर एकदाच येतो, म्हणजे खऱ्या जागा ३०. उरलेल्या तीस तुम्ही दोनदा पाठ केल्यात. ए मायनरच्या पहिल्या बॉक्सची उजवी कड सहाव्या, म्हणजे सर्वात जाड तारेपासून ८, ७, ७, ७, ८, ८ अशी आहे. आता दुसऱ्या बॉक्सची डावी कड वाजवून बघा. तीच निघेल. तक्ता छापणाऱ्याने सोयीसाठी पाच चौकटी वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यामध्ये पांढरी जागा सोडली. ती जागा गिटारवर कुठेच नाही. शनिवार पेठेतून चालत नारायण पेठेत आणि तिथून सदाशिव पेठेत जाताना मध्ये भिंत लागत नाही, पाटीवरचं नाव तेवढं बदलतं. तुम्ही उडी मारताय तीच मुळात अनावश्यक आहे.

मग शेप असे तुटक का वाटतात? याचं कारण तुम्ही नव्हे, वाद्य आहे. पेटीवर एका सुराला एकच पट्टी. गिटारवर तोच सूर, अगदी त्याच उंचीचा, तीन-चार ठिकाणी सापडतो. सातव्या फ्रेटवर चौथ्या तारेचा ए घ्या. तोच ए तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आहे, पाचव्या तारेच्या बाराव्यावरही आहे. पेटीवरून आलेल्या माणसाला हे विचित्र वाटणारच. त्यात गिटारची जुळणी सरळ नाही. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना प्रत्येक तार आधीच्या तारेच्या पाच फ्रेट वर लावलेली असते, फक्त तिसरी आणि दुसरी यांच्यात चारच फ्रेटचं अंतर आहे. कॉर्ड धरणं सोपं जातं म्हणून ही तडजोड टिकली. पण तिच्यामुळे कुठलीही आकृती तिसऱ्या तारेवरून दुसरीवर गेली की एक फ्रेट पुढे सरकते. पाच बॉक्स पाच वेगळ्या नक्ष्यांसारखे दिसतात त्यात या एका वाकड्या सांध्याचा मोठा हात आहे. व्हिडिओंमध्ये हे क्वचितच सांगतात. ठिपके दाखवणं सोपं असतं.

आता एक परीक्षा. गिटार हातात न घेता सांगा: तुमच्या चौथ्या बॉक्समध्ये सा कुठे कुठे आहे? पत्रावरून माझा अंदाज असा की ठिपके बारा आठवतील, पण त्यातला सा कोणता ते पटकन सांगता येणार नाही. पहिल्या बॉक्समधला सांगता येईल, कारण तो सहाव्या तारेवर पहिल्याच बोटाखाली येतो. म्हणून हात तिथे जाऊन बसतो. तिथे घर सापडतं, बाकी चार ठिकाणी सापडत नाही. उडी मारल्यावर सूर चुकतो असं तुम्ही म्हणता, पण बहुतेक वेळा तो सूर स्केलमधलाच असणार. चुकीचा वाटतो कारण तुम्हाला थांबायचं होतं सा वर आणि बोट पडलं नी वर.

पेटी शिकताना असं झालं असतं का? सरांनी पहिल्या दिवशी सा दाखवला असेल आणि बाकी सगळं त्याच्या नात्यानं. गिटारवर तुम्ही ते सोडून दिलंत, बहुधा ‘हे पाश्चात्य वाद्य, इथे ते चालत नाही’ असं धरून. चालतं. ए म्हणजे पांढरी सहा. तो सा धरला तर ए मायनर पेंटॅटॉनिकचे स्वर होतात सा ग म प नी, ग आणि नी कोमल. इथून पुढे ग आणि नी म्हटलं की कोमलच समजा.

भिंतीवरचे तक्ते काही दिवस काढून ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर सहा रेघा मारून फक्त सा लिहा. सहाव्या तारेवर ५. चौथीवर ७. दुसरीवर १०. पाचवीवर १२, आणि तीच तार मोकळी सोडली तरी सा. तिसरीवर २ आणि १४. पहिलीवर ५. यांच्यातलं नातं दोन वाक्यांत मावतं: सहाव्या किंवा पाचव्या तारेवरच्या सा पासून मधली एक तार सोडून दोन फ्रेट पुढे गेलात की वरचा सा. चौथ्या किंवा तिसऱ्या तारेवरून तसंच, पण तीन फ्रेट पुढे, कारण तो वाकडा सांधा वाटेत येतो. चालता-बोलता, बसमध्ये, मीटिंगमध्ये कंटाळा आला की हे मनात फिरवा. गिटार लागत नाही.

त्यानंतरची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात मोलाची वाटते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पाच बॉक्सच्या आधी हीच देते. नी आणि सा एका तारेवर घ्यायचे, ग म प पुढच्या तारेवर. पुन्हा नी सा, पुन्हा ग म प. ए मायनरमध्ये ते असं पडतं:

सहावी तार: नी ३, सा ५
पाचवी तार: ग ३, म ५, प ७
चौथी तार: नी ५, सा ७
तिसरी तार: ग ५, म ७, प ९
दुसरी तार: नी ८, सा १०
पहिली तार: ग ८, म १०, प १२

एकाच तारेवरच्या दोन स्वरांमधलं अंतर बघा. सगळीकडे दोनच फ्रेट. पहिलं बोट आणि तिसरं बोट, बस. म वर तिसरं बोट असतं, तेच न उचलता घसरवत प वर न्यायचं. हात आपोआप दोन फ्रेट पुढे येतो आणि पुढच्या तारेवरचा नी पहिल्या बोटाखाली तयार असतो. फक्त तिसऱ्या तारेवरून दुसरीवर जाताना हात आणखी एक फ्रेट पुढे न्यावा लागतो. त्याचं कारण आता तुम्हाला माहीत आहे. ही तिरकी शिडी तिसऱ्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत जाते आणि वाटेत तुमच्या पाचव्या, पहिल्या आणि दुसऱ्या बॉक्समधून जात तिसऱ्याच्या कडेला टेकते. तो जोड तुम्ही शोधत होतात. घसरणारं तिसरं बोट, एवढाच तो आहे.

ती वाजवताना तोंडाने स्वरांची नावं म्हणा. ‘पाच-सात-नऊ’ म्हणू नका. आकडे स्केल बदललं की निरुपयोगी होतात, नावं होत नाहीत.

मैत्रिणीच्या सी शार्प मायनरचा प्रश्न इथेच सुटतो. सी शार्प म्हणजे काळी एक. पेटीवर पांढरी सहावरून काळी एकवर गेलात तर बोटांची सगळी मांडणी बदलते, आणि लहानपणी तुम्ही ती बदललीही असेल. गिटारवर काहीच बदलत नाही, सगळं उचलून पुढे ठेवायचं. सहाव्या तारेवर सा पाचव्याऐवजी नवव्या फ्रेटवर. तिथून शिडी फार वर जाते आणि अकूस्टिकवर हात पोचत नाही, म्हणून पाचव्या तारेवरचा सा घ्या, चौथ्या फ्रेटवर. पाचवी तार २, ४. चौथी २, ४, ६. तिसरी ४, ६. दुसरी ५, ७, ९. पहिली ७, ९. पुन्हा तेच नी सा, ग म प. सांधा या वेळी वेगळ्या जागी लागला म्हणून आकडे थोडे सरकले, बोटं तीच. शेप वाहून नेता येणं ही गिटारची फुकट मिळालेली देणगी आहे. बारा स्केलचे बारा तक्ते पाठ करून घेणारा कोर्स तुम्हाला ती देणगी विकत घ्यायला लावतोय.

एक आणखी गोष्ट सांगते, कारण प्रवेशिका झालेल्या माणसाला ती सांगण्यात मजा आहे. तुमचे पाचही बॉक्स सहाव्या तारेवरच्या त्यांच्या पहिल्या स्वराला सा मानून वाजवून बघा. दुसरा बॉक्स सी पासून सुरू होतो. तो सा मानला तर सा रे ग प ध, सगळे शुद्ध. भूप. तिसरा डी पासून: सा रे म प आणि कोमल नी, मधमाद सारंगाचे स्वर. चौथा ई पासून: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. मालकंस. पाचवा जी पासून: सा रे म प ध, दुर्गा. आणि पहिला, जिथे तुम्ही राहता, तो धानीचा. म्हणजे ज्याला मूर्च्छना म्हणून तुम्ही परीक्षेच्या पुस्तकात वाचलं असेल, ते भिंतीवर रंगीत ठिपक्यांत लटकत होतं. पाच बॉक्स म्हणजे एकाच स्वरमाळेकडे पाच ठिकाणांहून बघणं. मधमाद सारंग कानात बसलेला असेल तर तिसरा बॉक्स ‘पाठ’ करायची गरज राहत नाही. एक सावधगिरी मात्र: हे स्केल ओळखण्यापुरतं. ए मायनरच्या कॉर्ड चालू असताना तुम्ही चौथ्या बॉक्समध्ये गेलात म्हणून मालकंस होत नाही. मागे कॉर्ड सा सांगतेय, तोच सा.

आणि राग आला म्हणून ओघाने: भूप आणि देशकार यांचे स्वर अगदी सारखे. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, ग; देशकाराचा ध. एक संध्याकाळचा, एक सकाळचा. एकाचा जीव पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, दुसऱ्याचा उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात. गिटारच्या तक्त्यावर दोघांचे ठिपके एकावर एक ठेवले तर तसूभर फरक दिसणार नाही. तरी ऐकणाऱ्याला पहिल्या दोन-चार स्वरांत कळतं. तुमच्या बॉक्समध्ये नेमकं हेच छापता येत नाही: कुठे थांबायचं, कुठे हलकेच स्पर्श करून जायचं, कशावर पुन्हा पुन्हा यायचं. तुम्ही दोन वर्षं सगळे स्वर सारख्या लांबीचे, खालून वर आणि वरून खाली वाजवलेत. मग जमलेल्या मंडळींसमोर बोटं तेच करणार, आणि तुम्हाला वाटणार की आपल्याला सोलो येत नाही.

म्हणून शिडी बसली की स्केल वरखाली वाजवणं बंद करा, आणि एक छोटी जागा, म्हणजे स्वरांची छोटी ओळ, घ्या. उदाहरणादाखल: सा ग म ग सा, नी सा. चौथ्या तारेवर सा ७, तिसऱ्या तारेवर ग ५, म ७, आणि नी चौथीवरच ५. बसली? आता हीच जागा, याच उंचीची, पाचव्या तारेच्या बाराव्या फ्रेटवरून घ्या: ग आणि म चौथ्या तारेवर १० आणि १२, नी पाचवीवर १०. मग तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून: ग आणि म दुसऱ्या तारेवर १ आणि ३, नी म्हणजे मोकळी तिसरी तार. सूर तिन्हीकडे तेच, पण आवाज बघा. जाड तारेवर उंच वाजवलं की घोगरा, भरलेला. बारीक तारेवर खाली वाजवलं की मोकळा. एकच ओळ तीन ठिकाणी म्हणता आली की फ्रेटबोर्डवरच्या त्या तीन वस्त्या जोडल्या गेल्या. त्यासाठी वेगळा जोड-व्यायाम लागत नाही.

एका तारेवर वाजवणंही यात येऊ द्या. पाचवी तार मोकळी छेडत राहायची, ती तुमचा सा धरते, आणि तिसऱ्या तारेवर फक्त लांबीच्या दिशेने: सा २, ग ५, म ७, प ९, नी १२, सा १४. सतारवादक मुख्यतः बाजाच्या एकाच तारेवर असाच मागे-पुढे फिरतो. त्याला बॉक्स हा प्रकार ठाऊक नाही, आणि त्याचं काही अडत नाही. ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन हिंदुस्थानी संगीत वाजवलं तेही तारेच्या लांबीनंच. आठवड्यातून दोनदा तरी हे करा. पेटी शिकलेल्या माणसाला एक तार म्हणजे एक छोटी पेटीच, स्वर एका रेषेत.

शनिवारच्या बैठकीसाठी आता नेमकं. तुमची मंडळी ए मायनर, एफ, सी, जी असं फिरत असतील. नसतील तर फिरायला सांगा. ए मायनरवर सा, ग किंवा प वर थांबा. एफ आला की सा किंवा ग. सी वर ग, प, नी यातलं काहीही. जी आला की नी किंवा म. सा वर जिद्दीने चारही कॉर्डभर बसून राहिलात तर जी वर तो टोचेल, आणि तुम्हाला वाटेल बॉक्स चुकला. बॉक्स चुकलेला नसतो. कॉर्ड बदलली, तुम्ही बदलला नाहीत. तुम्ही कॉर्ड छान वाजवता असं तो मित्र म्हणतोच आहे, म्हणजे बदल कानाला कळतो. तो कान सोलोच्या वेळी बंद ठेवू नका.

मोड्सवाल्या मित्राबद्दल. त्याचं चूक नाही, घाई आहे. पाच स्वरांत घर सापडत नसताना सात स्वर दिले तर हरवायला जागा वाढते. शिडी अंगवळणी पडल्यावर मोड्स तुम्हाला त्याच्यापेक्षा सोपे जातील, कारण तुम्ही थाट, म्हणजे सात स्वरांचे साचे, शिकलात. सा च्या पुढे दोन फ्रेटवर शुद्ध रे. प च्या पुढे एका फ्रेटवर कोमल ध, दोनवर शुद्ध ध. शुद्ध रे आणि कोमल ध घातलात की आसावरी थाट, ज्याला तो नॅचरल मायनर म्हणतो. ध शुद्ध केलात की काफी थाट, म्हणजे त्याचा डोरियन. रे आणि ध दोन्ही कोमल केलेत की भैरवी, त्याचा फ्रिजियन. तुमचे सात शेप वाया गेलेले नाहीत, त्यांना फक्त नावं मिळायची आहेत.

दुसऱ्या मित्राच्या बोलण्यात मला एक गृहीतक खटकतं, आणि तुमच्या पत्रातही तेच आहे: कॉर्ड ही खालची पायरी, सोलो वरची. जमत नसेल त्याने खाली राहावं. ऱ्हिदम गिटार हे शिक्षा म्हणून करायचं काम नाही. ते आवडत असेल तर आवडीनं करा. पण सोलो ‘जमत नाही’ म्हणून सोडायचं कारण मला तुमच्या पत्रात दिसलं नाही. त्याच्या जोडीला आणखी एक समज आहे, की खरा गिटारवादक बाराही फ्रेट एकाच वेळी लख्ख बघतो आणि तसं दिसेपर्यंत आपण वाजवायचं नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) यांच्या वाजवण्यातली एक लहानशी जागा, दुसऱ्या तारेवरच्या सा भोवतीचे थोडे स्वर, इतकी ओळखीची आहे की गिटारवाले तिला बीबी बॉक्सच म्हणतात. सगळा फ्रेटबोर्ड त्यांनाही मोकळा होता. तरी ते पुन्हा पुन्हा त्या चिमुकल्या जागेत यायचे आणि एका स्वरावर माणसं थांबवायचे. म्हणजे पाचव्या फ्रेटवर राहणं हा गुन्हा नाही. तिथून हवं तेव्हा निघता यावं, इतकंच आपल्याला करायचंय.

कोर्सचे पैसे सध्या ठेवून द्या. खर्चच करायचा असेल तर दोन गोष्टी सुचवते. एक, गिटार एखाद्या चांगल्या कारागिराला दाखवा. स्वस्तातल्या अकूस्टिक गिटारीत तारा फ्रेटपासून फार उंच असतात, आणि सातव्या फ्रेटच्या पुढे त्या दाबायला इतका जोर लागतो की हात आपसूक खालीच राहतो. तुमचा पाचव्या फ्रेटचा मुक्काम काही अंशी याचाही असू शकतो. तारा खाली करून घेतल्या, नव्या घातल्या, की फरक लगेच कळेल. दोन, महिन्यातून एकदा का होईना, कुणासमोर तरी बसून शिका. ठिपके व्हिडिओ दाखवतो, पण तुम्ही म वरून प वर जाताना बोट उचलताय हे व्हिडिओला दिसत नाही.

रोजचा वेळ किती, हे तुम्ही लिहिलं नाही. पंधरा-वीस मिनिटं धरते. त्यात सगळं करायला जाऊ नका. एक आठवडा फक्त सा शोधणं आणि शिडी, मेट्रोनोम साठवर, तोंडाने नावं. पुढचे दोन-तीन आठवडे ती एक छोटी जागा तीन ठिकाणी, मग तुम्हाला गुणगुणताना सुचेल ती दुसरी. एखाद्या दिवशी स्वतःला फक्त दोन तारांची परवानगी द्या; दोन तारांवर बॉक्स मावतच नाही, त्यामुळे सरकावंच लागतं. फोनवर तंबोरा लावून ठेवा, आणि दर आठवड्याला त्याची पट्टी बदला. पांढरी सहातून काळी एक, मग पांढरी दोन. अकूस्टिकची मान बऱ्याचदा चौदाव्या फ्रेटला खोक्याला जुळते, तेव्हा बाराच्या वर जाण्याचा हट्ट नको. सहाव्या तारेवरचा सा वर जात असेल तर पाचवीवरचा घ्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

सरगम न शिकलेल्या वाचकांनी यातला सा रे ग म बाजूला ठेवून सा ला १ म्हणावं, कोमल ग ला ३, म ला ४, प ला ५, कोमल नी ला ७. शिडी तशीच चालते. फ्रेटचे आकडे सोडून कुठलीही नावं चालतील. शाळकरी मुलांना शिकवणाऱ्यांना एक विनंती: पाच बॉक्सचा कागद पहिल्या महिन्यात हातात देऊ नका. मुलं तो दोन दिवसांत पाठ करतात, आणि मग तो विसरायला लावण्यात वर्ष जातं.

येत्या शनिवारी एवढंच करून बघा. मंडळींना ए मायनर आणि जी, दोनच कॉर्ड, संथ लयीत धरायला सांगा. तुम्ही पहिला स्वर दुसऱ्या तारेच्या दहाव्या फ्रेटवरचा सा घ्या. पाचव्या फ्रेटकडे जायला तुम्हाला बंदी नाही, पण जायचं ते शिडीवरून उतरत जायचं. फोनवर रेकॉर्ड करा आणि दोन दिवसांनी ऐका. त्याच रात्री ऐकलंत तर फक्त चुका ऐकू येतील. जिथे अडलात ती जागा कोणत्या तारेवर होती ते मला कळवा. माझा अंदाज आहे, तिसरी आणि दुसरी यांच्या मध्ये.